सायनसची शस्त्रक्रिया : शामक औषधे आणि रक्तस्रावाचे नियमन

सार्वजनिक आरोग्याची चर्चा बहुधा लसीकरण, साथीचे रोग, कुपोषण आणि माता-बालमृत्यू या विषयांभोवती फिरते. शस्त्रक्रिया हा त्या मानाने मोठ्या शहरांतील मोठ्या रुग्णालयांचा विषय समजला जातो. ही समजूत अपुरी असल्याचे २०१५ या वर्षी दोन वेळा अधोरेखित झाले. त्या वर्षी जागतिक आरोग्य सभेने शस्त्रक्रिया व भूल यांच्या सेवा बळकट करण्याचा ठराव संमत केला आणि 'लॅन्सेट' नियतकालिकाच्या आयोगाने जगातील सुमारे ५ अब्ज लोकांना सुरक्षित व परवडणारी शस्त्रक्रिया आणि भूल वेळेवर मिळत नसल्याचे निदर्शनास आणले. या वाक्यातील 'सुरक्षित' आणि 'भूल' हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. शस्त्रक्रियेचे यश केवळ शस्त्रवैद्याच्या हातावर अवलंबून नसते. रुग्णाच्या उशाशी बसलेल्या भूलतज्ज्ञाच्या निर्णयांवरही ते तितकेच अवलंबून असते. सायनसच्या शस्त्रक्रियेत शामक औषधांच्या साहाय्याने रक्तस्राव कमी करण्याची पद्धत हे याचे उत्तम उदाहरण होय.

तामिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमपासून काही किलोमीटर अंतरावर तिरुभुवनम् हे गाव आहे. तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाच्या काळातील कंपहरेश्वर मंदिर आणि २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली रेशमी साडी ही या गावाची ओळख. तेथील एखाद्या हातमाग विणकराला वर्षानुवर्षे सायनसचा त्रास आहे, औषधोपचार करूनही नाक मोकळे होत नाही आणि वैद्यांनी शस्त्रक्रिया सुचविली आहे, अशी कल्पना करावी. जिल्हा मुख्यालय रुग्णालय कुंभकोणम येथे, तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तंजावर शहरात आहे. या विणकराच्या शस्त्रक्रियेत नेमके काय पणाला लागलेले असते, हे समजून घेतले म्हणजे विषयाचे वैद्यकीय व सामाजिक असे दोन्ही पैलू स्पष्ट होतात.

शस्त्रक्षेत्राची रचना

सायनस म्हणजे चेहऱ्याच्या व कवटीच्या हाडांतील, नाकात उघडणाऱ्या हवेच्या पोकळ्या. गालाच्या हाडातील, कपाळातील, दोन डोळ्यांच्या मधील जाळीदार अस्थीतील आणि नाकाच्या अगदी मागे असलेल्या जतुकास्थीतील अशा त्यांच्या चार जोड्या मानल्या जातात. त्यांच्या आतील श्लेष्मल त्वचेतून पाझरणारा द्रव अरुंद वाटांनी नाकात उतरतो. दीर्घकालीन दाह किंवा नाकात वाढणारे मऊ कोंब (पॉलिप) यांमुळे या वाटा बंद झाल्या की द्रव साचतो, जंतुसंसर्ग होतो आणि डोकेदुखी, नाक चोंदणे, वास न येणे ही लक्षणे उद्भवतात.

पूर्वी या विकारात सायनसची आतील त्वचा खरवडून काढण्याकडे कल असे. ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे मेसरक्लिंगर यांनी श्लेष्मल द्रवाच्या वाहण्याच्या वाटांचा सूक्ष्म अभ्यास केला आणि वाट मोकळी केली की आतील त्वचा बहुतांशी आपोआप सुधारते, हे दाखविले. इंग्लंडमधील भौतिकशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉपकिन्स यांनी विकसित केलेल्या काचदंडी भिंगांच्या दुर्बिणीमुळे या वाटा प्रत्यक्ष पाहता येऊ लागल्या. श्टामबर्गर यांनी युरोपात आणि केनेडी यांनी अमेरिकेत १९८० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. तिला 'कार्यात्मक' सायनस शस्त्रक्रिया म्हणतात; कारण तिचा उद्देश अवयव काढून टाकण्याचा नसून त्याचे नैसर्गिक कार्य पूर्ववत करण्याचा असतो.

ही शस्त्रक्रिया ज्या जागेत होते, ती अत्यंत अरुंद आणि धोकादायक शेजाराची आहे. डोळ्याची खोबण आणि सायनस यांच्यामध्ये कागदासारखा पातळ अस्थिपडदा असतो. वर मेंदूचा तळ असतो. मागील सायनसच्या भिंतीलगत दृष्टिचेता आणि मेंदूला रक्त पुरविणारी अंतर्गत ग्रीवा रोहिणी जाते. सुमारे ४ मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून दिसते तेवढेच वैद्याचे जग. तिच्या टोकावर रक्ताचा एक थेंब आला, तरी समोरचे चित्र लाल होऊन नाहीसे होते. म्हणजे येथे रक्तस्रावाचा मुख्य धोका शरीरातील रक्त कमी होणे हा नाही. एकूण रक्तस्राव बहुधा रक्त चढविण्याइतका होतच नाही. खरा धोका न दिसण्याचा आहे. दृष्टीआड झालेल्या हाडाऐवजी अवजार डोळ्याच्या खोबणीत किंवा मेंदूच्या तळाशी गेले, तर दृष्टी जाणे किंवा मेंदूभोवतीचा द्रव गळणे यांसारखी गंभीर इजा होऊ शकते.

रक्त कोठून येते?

नाकाचा रक्तपुरवठा समृद्ध आहे. बाह्य ग्रीवा रोहिणीच्या शाखा मागून येतात, तर अंतर्गत ग्रीवा रोहिणीच्या शाखा डोळ्याच्या खोबणीतून वरच्या बाजूने येतात. रक्तस्रावाचे तीन उगम लक्षात ठेवावेत. रोहिणीतील रक्तस्राव रक्तदाब व नाडीच्या वेगावर अवलंबून असतो. नीलांतील रक्तस्राव डोक्याची स्थिती आणि छातीतील दाब यांवर ठरतो. केशवाहिन्यांतील रक्तस्राव त्या जागेतील रक्तवाहिन्या किती रुंदावल्या आहेत यावर अवलंबून असतो. दाह झालेल्या श्लेष्मल त्वचेत हा तिसरा प्रकार विशेष त्रासदायक ठरतो.

यांवरील साधे उपायही या तीन उगमांना धरूनच योजलेले असतात. शस्त्रक्रियेपूर्वी जंतुसंसर्गावर उपचार करतात आणि पॉलिप असल्यास काही दिवस स्टेरॉइड देतात. रक्त पातळ करणाऱ्या औषधांबाबत वैद्यांच्या सल्ल्याने निर्णय घेतात. ॲड्रेनॅलिनसारख्या औषधात भिजविलेले कापसाचे बोळे नाकात ठेवून रक्तवाहिन्या आकुंचित करतात. शस्त्रक्रियेच्या मेजाची डोक्याकडील बाजू सुमारे १५ अंशांनी वर उचलतात, म्हणजे नीलांतील रक्त हृदयाकडे सहज उतरते. हे सर्व केल्यावरही वेदना, भीती आणि शस्त्राचा आघात यांमुळे हृदय जोराने धडधडू लागले, तर क्षेत्र पुन्हा लाल होते. शामक औषधांचे काम येथून सुरू होते.

भुलीच्या आधीचे तंजावर

या कामाचे मोल कळण्यासाठी याच परिसराच्या इतिहासाकडे वळणे उपयुक्त ठरेल. कुंभकोणम व तिरुभुवनम् हा प्रदेश तंजावरच्या मराठा राज्यात मोडत असे. या घराण्यातील दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी तंजावरला धन्वंतरी महाल ही वैद्यकीय संस्था चालविली. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांची, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह लिहिलेली नोंदपत्रे सरस्वती महाल ग्रंथालयात सापडली आहेत. त्यांत इंग्रजीबरोबर मोडी लिपीतील मजकूरही आहे. रुग्णागणिक लक्षणे, उपचार व परिणाम टिपून ठेवण्याची ही शिस्त त्या काळात उल्लेखनीय होती.

तथापि या शस्त्रक्रिया भुलीविना होत होत्या. ईथरच्या भुलीचे जाहीर प्रात्यक्षिक १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात झाले आणि पुढच्याच वर्षी ईथरचा वापर कोलकात्यात सुरू झाला. त्यापूर्वी शस्त्रवैद्याचे मुख्य कौशल्य म्हणजे वेग; कारण रुग्णाची सहनशक्ती संपण्यापूर्वी काम उरकणे भाग असे. भुलीने वैद्याला वेळ दिला. पुढे भूलशास्त्राने त्याला आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे स्वच्छ दिसणारे शस्त्रक्षेत्र.

रक्तदाब किती उतरवावा?

शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब हेतुपुरस्सर कमी ठेवण्याच्या पद्धतीस 'नियंत्रित अल्परक्तदाब' म्हणतात. ही कल्पना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे. येथे सरासरी रक्तदाब ही संज्ञा समजून घ्यावी. वरच्या दाबात खालच्या दाबाची दुप्पट मिळवून बेरजेस ३ ने भागले की तो अंदाजे मिळतो. १२०/८० या रक्तदाबाची सरासरी सुमारे ९३ मिलिमीटर पारा येते. ९०/६० ची सरासरी ७० येते. सायनस शस्त्रक्रियेत निरोगी प्रौढाचा सरासरी दाब साधारणतः ६० ते ७० च्या दरम्यान ठेवण्याचा प्रघात आहे.

दाब जितका कमी तितके क्षेत्र कोरडे, असा सोपा निष्कर्ष येथे काढता आला असता. पण तो चुकीचा ठरला. दक्षिण आफ्रिकेतील बोएझार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दोन औषधांची तुलना प्रसिद्ध केली. सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध रक्तवाहिन्या सैल करून दाब उतरविते, तर एस्मोलॉल हृदयाचा वेग व जोर कमी करून तोच परिणाम साधते. दाब दोन्हींनी उतरला. परंतु शस्त्रक्षेत्र एस्मोलॉलने अधिक चांगले राहिले आणि त्यासाठी दाब फार खाली नेण्याची गरजही पडली नाही. कारण उघड आहे. रक्तवाहिन्या सैल झाल्या की नाकातील केशवाहिन्याही रुंदावतात आणि दाब घसरल्याचे जाणवताच हृदय अधिक वेगाने धावू लागते. म्हणजे दाबमापकावरचा आकडा खाली येतो, पण नाकातील रक्त कमी होत नाही.

याच अभ्यासातील ० ते ५ ही श्रेणी आज सर्वत्र वापरली जाते. शून्य म्हणजे रक्तस्राव नाही. १ म्हणजे किंचित रक्तस्राव, शोषनळीची गरज नाही. २ मध्ये ती अधूनमधून लागते. ३ मध्ये ती वारंवार लागते आणि काढल्यावर काही सेकंदांत रक्त क्षेत्र झाकू लागते. ४ मध्ये नळी काढताक्षणीच क्षेत्र झाकले जाते. ५ म्हणजे रक्त शोषण्याच्या वेगापेक्षा अधिक वेगाने येते आणि शस्त्रक्रिया करता येत नाही. या श्रेणीचे वैशिष्ट्य असे की ती रक्त मिलिलिटरमध्ये मोजत नाही. वैद्याला दिसते किती, हे ती मोजते.

शामक औषधे कार्य कशी करतात?

भीती किंवा वेदना यांच्या वेळी शरीरातील अनुकंपी चेतासंस्था नॉरॲड्रेनॅलिन हे द्रव्य सोडते. त्यामुळे नाडी वाढते आणि रक्तदाब चढतो. या संदेशाचा जोर मुळाशीच कमी करणाऱ्या औषधांचा इतिहास भारताशी, विशेषतः मुंबईशी निगडित आहे. सर्पगंधा ही वनस्पती भारतीय परंपरेत झोप आणणारी व चित्त शांत करणारी म्हणून ज्ञात होती. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तिच्या या गुणांबरोबरच रक्तदाब कमी करण्याच्या गुणाचीही नोंद केली. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकात उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील सर्पगंधेच्या उपयोगाचा अहवाल प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. चित्त शांत करणे आणि रक्तदाब उतरविणे हे दोन परिणाम एकाच चेतामार्गाने घडू शकतात, हा धडा सर्पगंधेने दिला. मात्र रिसर्पिनचा परिणाम सावकाश सुरू होतो आणि दीर्घकाळ टिकतो. शस्त्रक्रियागृहात गरज असते ती काही मिनिटांत सुरू होणाऱ्या आणि थांबविल्यावर उतरणाऱ्या औषधाची.

ही गरज भागविणाऱ्या औषधगटाचा शोध योगायोगाने नाकातूनच लागला. १९६० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीत क्लोनिडीन हे द्रव्य चोंदलेले नाक मोकळे करणारे थेंब म्हणून तपासले जात होते. ते नाकात घातल्यावर गाढ झोप, मंद नाडी आणि उतरलेला रक्तदाब असे अनपेक्षित परिणाम दिसून आले. पुढे हे द्रव्य उच्च रक्तदाबावरील औषध म्हणून प्रचारात आले. त्याच गटातील डेक्समेडेटोमिडीन हे अधिक निवडक औषध फिनलंडमध्ये विकसित झाले आणि १९९९ मध्ये अमेरिकेत अतिदक्षता विभागातील रुग्णांना शांत ठेवण्यासाठी त्यास मान्यता मिळाली.

डेक्समेडेटोमिडीन मेंदूच्या स्तंभातील लोकस सेरुलियस या निळसर चेतापुंजातील अल्फा-२ ग्राहींना चिकटते. हे ग्राही म्हणजे एक प्रकारचा लगाम होय. तो खेचला गेला की नॉरॲड्रेनॅलिन कमी सुटते. रुग्णास नैसर्गिक झोपेसारखी गुंगी येते, हाक मारल्यास तो बहुधा जागा होतो, नाडी मंदावते आणि वेदनाशामकांची गरज घटते. नेहमीच्या मात्रेत श्वसनावर होणारा दाबही अनेक अन्य शामकांच्या तुलनेत कमी असतो. नाडी मंद झाल्याने दर मिनिटास नाकाकडे जाणारे रक्त कमी होते आणि नायट्रोप्रुसाइडप्रमाणे हृदयाची उलट धावपळ होत नाही. म्हणजे एस्मोलॉलने जे हृदयाच्या पातळीवर साधते, ते हे औषध मेंदूच्या पातळीवर साधते.

प्रोपोफॉल हे दुसरे महत्त्वाचे औषध. शिरेतून सतत सोडलेल्या प्रोपोफॉलवर संपूर्ण भूल टिकविली, तर रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या श्वासावाटेच्या वायूंची गरज उरत नाही. २०१६ मधील कॉक्रेन परीक्षणाचा निष्कर्ष मात्र संयत आहे : प्रोपोफॉलमुळे एकूण रक्तस्राव घटल्याचे सिद्ध झाले नाही, शस्त्रक्षेत्राचा दर्जा सुधारला, पण ती सुधारणा एका श्रेणीहून कमी होती. शामक औषध हे अनेक उपायांपैकी एक आहे, सर्व उपायांची जागा घेणारे नाही, हे यावरून दिसते.

प्रत्यक्ष वापर : एक हिशेब

तिरुभुवनम्च्या त्या विणकराचे वजन ६० किलो आहे असे मानू. डेक्समेडेटोमिडीनची प्रचलित आरंभमात्रा दर किलोस १ मायक्रोग्रॅम असून ती १० मिनिटांत सावकाश देतात. त्यानंतर तासाला दर किलोस ०.२ ते ०.७ मायक्रोग्रॅम या वेगाने औषध चालू ठेवतात. २०० मायक्रोग्रॅमची कुपी सलाइन मिसळून ५० मिलिलिटर केली, तर प्रत्येक मिलिलिटरमध्ये ४ मायक्रोग्रॅम औषध येते. आरंभमात्रा ६० मायक्रोग्रॅम, म्हणजे १५ मिलिलिटर. पुढे ०.५ चा वेग धरल्यास तासाला ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे ७.५ मिलिलिटर. दीड तासाच्या शस्त्रक्रियेस एकूण १०५ मायक्रोग्रॅम पुरतात. म्हणजे कुपीतील जवळजवळ निम्मे औषध शिल्लक राहते.

या हिशेबातून दोन गोष्टी ध्यानात येतात. औषधाचे प्रमाण अत्यल्प आहे. ग्रॅमचा दहा हजारावा भाग. आणि इतके अल्प प्रमाण तासाला साडेसात मिलिलिटर अशा संथ, अचूक गतीने केवळ सिरिंज पंपानेच देता येते. घाईने दिल्यास रक्तदाब आधी वाढतो आणि मग नाडी धोकादायकरीत्या मंदावू शकते. म्हणून औषधाच्या कुपीबरोबर पंप, हृदयालेख, रक्तातील ऑक्सिजन व रक्तदाब दाखविणारी यंत्रे आणि त्यांकडे अखंड लक्ष देणारा तज्ज्ञ या गोष्टी हव्यातच.

धोक्याची बाजू

मेंदू आपला रक्तप्रवाह स्वतः सांभाळतो. परंतु त्या स्वयंनियमनाला खालची मर्यादा आहे. पाठ्यपुस्तके निरोगी प्रौढात ही मर्यादा साधारणतः ५० ते ६० मिलिमीटर पारा देतात. येथे डोके उंच ठेवण्याचा परिणाम हिशेबात धरावा लागतो. डोके हृदयापेक्षा १० सेंटिमीटर वर असेल, तर मेंदूपाशी दाब दंडावर मोजलेल्या दाबापेक्षा सुमारे ८ मिलिमीटरने कमी भरतो. दंडावरचा सरासरी दाब ७० असल्यास मेंदूपाशी तो ६२ असतो. दंडावर ६० दिसत असल्यास मेंदूपाशी केवळ ५२ उरतो. यंत्रावर सुरक्षित वाटणारा आकडा मेंदूला सुरक्षित असेलच असे नाही.

जुना उच्च रक्तदाब असलेल्या रुग्णांत ही मर्यादा वर सरकलेली असते. हृदयाच्या रोहिण्यांचा विकार, पक्षाघाताचा पूर्वेतिहास, हृदयातील विद्युत्संदेशात अडथळा, शरीरातील पाण्याची कमतरता आणि नाडी मंद करणारी औषधे आधीच घेत असणे, या परिस्थितींत दाब उतरविणे टाळावे लागते किंवा अत्यंत सावधपणे करावे लागते. गुंगीतील रुग्णाच्या घशात रक्त उतरून श्वासमार्गात जाण्याचाही धोका असतो. म्हणून केवळ गुंगी द्यावी की श्वासनलिकेत नळी घालून पूर्ण भूल द्यावी, हा निर्णय रुग्णानुसार घेतात. घशात पट्टी ठेवली असल्यास ती मोजून बाहेर काढल्याची नोंद झालीच पाहिजे. डेक्समेडेटोमिडीननंतर रुग्ण पूर्ण जागा होण्यास काहीसा विलंब लागू शकतो. त्या काळातही निरीक्षण चालू ठेवावे लागते.

म्हणून या पद्धतीचे सूत्र असे सांगता येईल : नाडी मिनिटाला साठीच्या आसपास, सरासरी दाब माफक खाली आणि क्षेत्राची श्रेणी १ किंवा २. श्रेणी २ असताना शस्त्रवैद्याला काम करता येत असेल, तर ती शून्यावर आणण्यासाठी दाब आणखी उतरविण्यास कोणतेही समर्थन नाही. सायनसची ही शस्त्रक्रिया बहुधा जीव वाचविण्यासाठी नव्हे, तर जगणे सुसह्य करण्यासाठी केली जाते. तिच्यासाठी मेंदू किंवा हृदय पणाला लावणे हा विपरीत सौदा ठरेल.

संशोधनाची कसोटी

भारतातील वैद्यकीय महाविद्यालयांत पदव्युत्तर प्रबंधांसाठी हा विषय वारंवार निवडला जातो. रुग्ण उपलब्ध असतात, औषधे ठाऊक असतात आणि मोजमापाची श्रेणी सोपी असते. तथापि अशा अभ्यासांचे मूल्य त्यांच्या काटेकोरपणावर ठरते. कोणत्या रुग्णास कोणते औषध मिळाले, हे श्रेणी देणाऱ्या शस्त्रवैद्याला ठाऊक नसावे. शोषलेल्या द्रवातून नाक धुण्यासाठी वापरलेले पाणी वजा करूनच रक्त मोजावे. रक्तस्राव घटल्याच्या नोंदीबरोबर नाडी अतिमंद होण्याचे प्रसंग आणि जागे होण्यास लागलेला वेळही मांडावा. शासनाने २००७ मध्ये भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदणीपट सुरू केला; २००९ पासून औषधांच्या नियामक चाचण्यांची नोंदणी सक्तीची झाली आणि २०१९ मध्ये नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियम लागू झाले. सरफोजींच्या दरबारातील नोंदपत्रांमागे जी दृष्टी होती, तिचेच हे आधुनिक व कायदेशीर रूप म्हणता येईल.

विकासाचा प्रश्न

आता पुन्हा त्या विणकराकडे वळू. शस्त्रक्रियेचा खर्च हा त्याच्यापुढील पहिला अडथळा. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या आयुष्मान भारत – प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियाही तिच्या कक्षेत येतात. तामिळनाडूत ती राज्याच्या मुख्यमंत्री सर्वंकष आरोग्य विमा योजनेशी, तर महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडलेली आहे.

दुसरा अडथळा औषधांच्या उपलब्धतेचा. या बाबतीत तामिळनाडूचा अनुभव देशाला मार्गदर्शक ठरला. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या तामिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळाने औषधांची केंद्रीय खरेदी, गुणवत्ता तपासणी आणि जिल्हा गोदामांतून वितरण अशी व्यवस्था उभारली. अनेक राज्यांनी तिचे अनुकरण केले. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन केले.

तिसरा अडथळा सर्वांत कठीण आहे : प्रशिक्षित माणसाचा. २०२२ मध्ये सुधारलेल्या भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांनुसार जिल्हा रुग्णालयात भूलतज्ज्ञ असणे अपेक्षित आहे. परंतु ग्रामीण भागात विशेषज्ञांची पदे रिक्त राहणे ही जुनी समस्या आहे. सिझेरियनसारख्या तातडीच्या प्रसंगांसाठी पदवीधर वैद्यांना भुलीचे अल्पमुदतीचे प्रशिक्षण देण्याचा उपाय योजला गेला. मातांचे प्राण वाचविण्यासाठी तो समर्थनीय होता. नियंत्रित अल्परक्तदाबासारख्या पद्धतीस मात्र असा तोडगा चालणार नाही. कारण येथे औषध देण्यापेक्षा ते कोणाला देऊ नये आणि केव्हा थांबवावे, हे कळणे अधिक महत्त्वाचे आहे. जेथे पंप, निरीक्षणयंत्रे व तज्ज्ञ नाहीत, तेथे रुग्णास वैद्यकीय महाविद्यालयात पाठविणे हीच योग्य सेवा होय.

समारोप

सायनसच्या शस्त्रक्रियेतील शामक औषधांचा इतिहास सर्पगंधेच्या मुळापासून सिरिंज पंपापर्यंत येऊन पोहोचला आहे. त्याचे सार एवढेच की, रक्तस्राव कमी होतो तो दाबाचा आकडा पाडल्याने नव्हे, तर शरीराची धास्ती शमविल्याने. आणि ही पद्धत सुरक्षित ठरते ती औषधाच्या नावामुळे नव्हे, तर रुग्णाच्या उशाशी जागरूक बसलेल्या तज्ज्ञामुळे. तिरुभुवनम्चा विणकर शस्त्रक्रियेनंतर शाबूत दृष्टीने पुन्हा मागावर बसतो, तेव्हा कुपीइतकाच वाटा त्या तज्ज्ञाच्या शिक्षणावर, नेमणुकीवर आणि यंत्रसामग्रीवर झालेल्या सार्वजनिक खर्चाचाही असतो. आरोग्यावरील खर्चास गुंतवणूक का म्हणतात, याचे उत्तर अशा उदाहरणांतून मिळते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. सायनस शस्त्रक्रियेत थोडा रक्तस्रावही धोकादायक का ठरतो?

२. सरासरी रक्तदाब सारखाच असूनही सोडियम नायट्रोप्रुसाइड व एस्मोलॉल यांच्या वापरात शस्त्रक्षेत्र वेगवेगळे का दिसते?

३. दंडावरील रक्तदाब १०५/६० असून डोके हृदयापेक्षा १० सेंटिमीटर उंच असल्यास मेंदूपाशी सरासरी दाब अंदाजे किती असेल?

४. 'औषधाची उपलब्धता म्हणजे उपचाराची उपलब्धता नव्हे.' ग्रामीण शस्त्रक्रिया सेवेच्या संदर्भात चर्चा करा.